कोणी न धरलेला दोर

केवडबंदराला पाहुणे येतात ते बहुतेक तीन गोष्टी पाहायला. एक तिथलं दीपगृह, दुसरा कड्यावरचा पडका हवामहाल आणि तिसरी त्या कड्याखालची समुद्राची घळ. या घळीला गावात ‘नगारा’ म्हणतात, कारण भरती चढली की लाटा तिच्यात शिरून अशा काही घुमतात की वर उभं राहिलेल्याच्या पायाखाली दगड थरथरतो. तिन्ही पाहून झालं, सोलकढी पिऊन झाली, की मग मंडळी सकाळच्या रापणीला पुळणीवर, म्हणजे वाळूच्या किनाऱ्यावर, जातात. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं. होडी जाळं घेऊन समुद्रात अर्धा फेरा मारते, जाळ्याचे दोन दोर पुळणीच्या दोन टोकांना येतात आणि दोन्हीकडे पन्नास-पन्नास माणसं ते ओढत बसतात. पाहुण्यांनाही ओढू देतात, आणि ज्याचा हात दोराला लागला त्याला माशांचा वाटा मिळतो, मग तो मुंबईचा असो की नागपूरचा.

पण ओढायच्या आधी एक गोष्ट घडते, ती दुसऱ्या कुठल्या बंदरावर घडत नाही. रापणीचा म्होरक्या, म्हणजे तांडेल, दोराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत जातो आणि प्रत्येकाच्या मुठीवर आपला हात दाबून विचारतो, “धरलास मां?” समोरच्याने “धरलंय” म्हटल्याशिवाय तो पुढे सरकत नाही. पाहुण्यांना वाटतं, काय हे कोकणी आदरातिथ्य! हसत हसत फोटो काढून घेतात. दत्ताराम टिकम नावाचे ऐंशीच्या घरातले एक आजोबा तिथे उलट्या होडीला टेकून बसलेले असतात. ते म्हणतात, आदरातिथ्य नाही हो, ती भीती आहे. आणि मग ते जे सांगतात ते असं.

फार जुनी गोष्ट. तेव्हा दीपगृह नव्हतं, आणि घाटावरून इथवर यायला आठ दिवस लागत. रंगोजीराव नावाच्या एका सरदाराला छातीचा विकार होता म्हणे, आणि वैद्याने त्याला खाऱ्या हवेत दोन महिने राहायला सांगितलं. त्याने कड्यावर हवामहाल बांधला आणि दर फाल्गुनात तो पालख्या, आचारी, गवई आणि दहा-वीस पाहुणे घेऊन यायला लागला. केवडबंदर हवा खायचं ठिकाण झालं ते तेव्हापासून. गाव आधी खूश होतं. मासे विकले जात, नारळ विकले जात, चार माणसांच्या हाताला काम मिळे.

त्या वेळी रापणीचा तांडेल होता बाबल. अंगाने काटक, बोलायला कमी, आणि पाण्यात उतरला की मासाच. त्याची बायको देवकी. तिला कोणी कधी मोठ्याने बोलताना ऐकलं नव्हतं असं सांगतात. दोघांना मूलबाळ नव्हतं, पण एकमेकांवाचून त्यांचं पान हलत नसे. तो समुद्रावरून येईपर्यंत ती पेजेला तोंड लावत नसे.

एका दुपारी सरदाराच्या पाहुण्यांमध्ये नगाऱ्यावरून वाद रंगला. एक म्हणाला, घळीच्या आत देऊळ असणार, त्याशिवाय असा नाद येणार नाही. दुसरा म्हणाला, कसलं देऊळ, नुसती पोकळी आहे. सरदाराने बाबलला बोलावून घेतलं. कंबरेला दोर बांधून कड्यावरून खाली उतरायचं, आत डोकवायचं आणि वर येऊन सांगायचं, एवढंच काम. ओहोटी संपून पाणी परतू लागलं होतं, पण बाबलला त्याची तमा नव्हती. दोराचं टोक सरदाराच्या पाच नोकरांनी धरलं. त्यातला एक जाणता होता, त्याने टोक मागच्या कातळाला बांधून घेतलं. तेवढ्यात पाहुण्यांना मौज म्हणून खुद्द सरदार पुढे झाला आणि सगळ्यांच्या पुढे उभा राहून त्याने दोर हातात घेतला.

आणि इथे बाबलने ती चूक केली. दुसऱ्या कोणत्याही गावच्या माणसाने ती केली नसती. रापणीच्या गावात एकच कायदा होता: दोराला हात लावला की जाळं काठाला येईपर्यंत सोडायचा नाही. बोटं सोलली तरी नाही, घरी मयत झालं तरी नाही. ज्याने दोर धरला तो आपला झाला, मग तो कोणीही असो. बाबलला वाटलं, सरदाराने दोर धरला म्हणजे आता प्रश्नच मिटला. तो नोकराला म्हणाला, “हात आसताना खुंटो कित्याक?” आणि कातळाला बांधलेलं टोक त्याने स्वतः सोडायला लावलं.

देवकी तेव्हा खाली खडपावर, किनाऱ्याच्या खडकांवर, कालवं काढत होती. नवऱ्याला उतरताना तिने पाहिलं, आणि पाहतच राहिली. बाबल घळीच्या तोंडाशी पोचला, तोच एक दांडगी लाट आली. लाट कड्यावर आपटली, तिचे तुषार वर गेले, आणि दुसऱ्याच क्षणी दोर वेटोळ्यावेटोळ्याने खाली आला. टोकाची गाठसुद्धा तिने डोळ्यांनी पाहिली. दोर बाबलच्या मागोमाग घळीत ओढला गेला. नगारा वाजतच राहिला, पण बाबल बाहेर आला नाही.

ती कालवांची कोयती तशीच हातात घेऊन कडा चढून वर गेली. वर पानं मांडली जात होती. पाचही नोकर एका कडेला उभे होते आणि पाण्याच्या घंगाळात हात बुडवून रडकुंडीला आले होते. धावता दोर हातातून सुटला की तळवा सोलून निघतो, हे रापणीच्या बाईला सांगावं लागत नाही. त्या पाचांचे तळवे लाल झाले होते, म्हणजे त्यांनी धरायची शिकस्त केली होती. मग तिने सरदाराकडे पाहिलं. तो भिजलेला शेला झटकत होता. नवा होता म्हणे, पैठणचा. लाटेचं पाणी अंगावर आलं तेव्हा शेला वाचवायला त्याने दोन्ही हात वर केले होते. “दोर कातळावर घासून तुटला, बाई,” असं म्हणत त्याने तिला गप्प राहायची खूण करायला हात उचलला. तो तळवा स्वच्छ होता.

देवकी तशीच वळली. ती खाली आली.  तिसऱ्या दिवशी तिचं कुंकू पुसायला आणि बांगड्या उतरवायला शेजारच्या म्हाताऱ्या आल्या, तेव्हा ती दारात आडवी उभी राहिली आणि म्हणाली, “त्येचो हात आमच्या दोराक लागासर मी रांडमुंड होवचंय नाय.” सरदाराचा हात आमच्या दोराला लागेपर्यंत मी विधवा होणार नाही. हा तिचा नवस होता, आणि तो तिने कोणत्या देवापुढे केला नव्हता, म्हाताऱ्यांच्या तोंडावर केला होता.

वर्षभर ती कपाळावर कोरून कुंकू लावून हिंडली. लोकांनी नाकं मुरडली. कोणी म्हणालं, डोक्यावर परिणाम झालाय. लग्नकार्यात तिला बोलावणं बंद झालं. बाबलचा धाकटा भाऊ झिलू आता तांडेल झाला होता, तो एकदा विनवण्या करायला आला, तर तिने त्याला बसायला पाट दिला आणि सरळ विचारलं की, सरदार दोर धरील तेव्हा तुमी सगळे सोडशात काय? झिलू पाटावरून उठला.  भावाच्या रक्ताची त्यालाही चाड होती, पण दोर सोडायचा? दोर सोडणाऱ्या गावाला समुद्र पुन्हा मासा देत नाही, अशी पक्की समजूत होती. शंभर घरांचं पोट त्या एका कायद्यावर होतं. तो म्हणाला, “वैनी, जीव माग, देतंय. ह्यां मागू नको.”

मग देवकीने गाव सातेरीच्या देवळात जमवलं. आमच्याकडे गाऱ्हाणं घालतात, म्हणजे देवीपुढे उभं राहून साऱ्या गावाच्या वतीने मागणं मागतात, आणि देवीचा कौल घेतात. गुरवाने देवीच्या दोन्ही खांद्यांवर ओली फुलं चिकटवली. उजवं पडलं तर होकार, डावं पडलं तर नकार. देवकीने विचारलं, “आई सातेरी, त्येना दोर सोडल्यान, आमी सोडलो तर चलात?” डावं फूल पडलं. पुन्हा विचारलं, पुन्हा डावं. तिसऱ्यांदाही डावं पडलं, तेव्हा झिलूने सुटकेचा श्वास सोडला आणि तो माणसांबरोबर उठून गेला.

देवकी उठली नाही. ती देवळाच्या खांबाला टेकून बसून राहिली. उन्हं कलली, गुरव कंटाळला, दिव्यात तेल घालायची वेळ झाली. आणि मग ती एकदम म्हणाली, “गुरवानू, आणि एकदा फुला लावा.” गुरव कुरकुरला, पण त्याने फुलं लावली. तिने या वेळी वेगळंच विचारलं. “आई, जो दोर कोणी धरूकच नाय, तो सुटलो तर चलात?” बोलणं संपायच्या आत उजवं फूल टपकन खाली पडलं.  देवीलाही बहुधा त्या प्रश्नाचीच वाट होती, असं दत्तारामआजोबा इथे थांबून सांगतात.

फाल्गुन आला, तसा सरदार आला. छाती बरी होती, पाहुणे नवे होते. देवकी स्वतः नारळ घेऊन हवामहालावर गेली. यंदा रापणीचा मानाचा पहिला हात सरकारांनी लावावा, अशी गावाची इच्छा आहे, असं तिने सांगितलं. सरदाराने तिच्याकडे निरखून पाहिलं आणि त्याला काही आठवलं नाही. हेच तिला सगळ्यात जास्त लागलं असं सांगतात. वर्षभर ज्याच्या नावाने ती जळत होती, त्याला तिचा चेहरासुद्धा ठाऊक नव्हता. कुंकू पाहून त्याने विचारलं, “मान द्यायला बायको आली? नवरा कुठे आहे तुझा?”

“पाण्यात गेलो हा, सरकार,” देवकी म्हणाली. “येवचो आसा अजून.”

अमावास्येचा दिवस तिने मुद्दाम निवडला होता. अमावास्येला उधाणाची भरती येते आणि मागोमाग तितक्याच जोराची ओहोटी लागते. खाडीचं सगळं पाणी तेव्हा समुद्राकडे धावत सुटतं, आणि पुळणीचं खाडीकडचं टोक गावकरीसुद्धा जपून वापरतात. पहिला हात तिथेच ठरला. खाडीकडच्या पन्नास जणांना तिने देवीचा तो शेवटचा कौल सांगितला होता, पण कड्याकडचा दोर झिलूकडे होता, त्याला आणि त्याच्या बाजूच्या पन्नास जणांना यातलं काहीही सांगितलं नव्हतं. ते दोर धरणार आणि कायद्याप्रमाणे शेवटपर्यंत ओढणार होते.

सकाळी केवड्याच्या बनापाशी पाहुण्यांसाठी मांडव घातला होता. होडीने फेरा मारला आणि खाडीकडचा दोर काठावर फेकला. रापण ओढणारे तेव्हा कंबरेला एक आखूड दोरी बांधत, तिचा फास मुख्य दोरावर टाकत आणि अंग मागे रेलून ओढत, म्हणजे हातांवर सगळा भार येत नसे. देवकीने सरदाराच्या कंबरेला ती दोरी आपल्या हाताने बांधली. फास नीट बसला की नाही ते ओढून पाहिलं. तो पाण्याच्या कडेला सगळ्यांच्या पुढे उभा राहिला, समुद्राकडे तोंड करून, आणि मान वळवून मांडवाकडे पाहत हसला. त्याच्या मागे, वाळूवर पडलेल्या दोराच्या दोन्ही बाजूंना गावची पन्नास माणसं ओळीने वाकली. हात दोराच्या वर, बोटभर अंतरावर.

“हैसो रेऽ हैसो!” देवकीने हाळी दिली.

“हैसो!” पन्नास गळे ओरडले. पन्नास पाठी मागे रेलल्या. वाळूत टाचा रुतल्या. लांबून पाहणाऱ्याला वाटावं, काय जोर लावलाय! मांडवातून टाळ्या पडल्या. सरदारालाही जोर चढला, तो मागे रेलला. दोर अजून ढिला होता, जाळं अजून भरायचं होतं. पुन्हा हाळी, पुन्हा “हैसो!” आणि मग खाडीचं पाणी जाळ्यात भरलं आणि दोर ताठ झाला.

पहिल्या हिसक्याला तो चार पावलं पुढे गेला. त्याला वाटलं, मोठा मासा आहे. दुसऱ्या हिसक्याला तो गुडघाभर पाण्यात होता, आणि ओरडला, “ओढा! ओढा!” मागून “हैसो!” आलं, अगदी तालात. तिसऱ्या हिसक्याला पाणी कंबरेला लागलं. फासाची गाठ भाराखाली अशी घट्ट बसते की बोटांनी सुटत नाही. तेव्हा त्याने वळून पाहिलं. त्याच्या मागे दोर वाळूवरून सापासारखा सरसरत चालला होता आणि दोन्हीकडे पन्नास माणसं रिकामे हात पुढे करून उभी होती. सगळ्यात पुढे देवकी होती.

“बाई, धर!” तो म्हणाला. “धर दोर!”

देवकीने दोन्ही तळवे वर करून त्याला दाखवले.  आता त्याला ती आठवली असावी, असं सांगतात, पण ते कोणी कसं सांगणार? पुढची लाट त्याच्या डोक्यावरून गेली.

मांडवातून शिपाई धावत आले. घाटावरची माणसं ती, दोघे छातीभर पाण्यात गेले आणि परत फिरले. मग जमादाराने तलवार उपसून विचारलं, दोर कोणी सोडला? पन्नास माणसांनी तळवे पुढे केले. जमादाराने एकेक हात उलटासुलटा करून पाहिला. मागच्या वर्षी दोर धरणाऱ्या त्या पाच नोकरांतला जाणता तिथेच होता. त्याने स्वतःचे तळवे मिटले आणि जमादाराला म्हणाला, साहेब, यांच्यातल्या कोणीच दोर सोडलेला नाही, दोर सुटलेला हात कसा दिसतो ते मला माहीत आहे. तो खरंच बोलला. जमादाराने समुद्राचा कोप असं ठरवलं, आणि त्याच संध्याकाळी पालख्या घाटाकडे निघाल्या.

पण त्याआधी रापण काठाला लागली. कड्याकडच्या पन्नास जणांनी खरोखरच दोर धरला होता, तेव्हा त्यांनी तो सोडला नाही. दुपारपर्यंत ओढत ओढत त्यांनी जाळं आणलं. असं जाळं गावाने पाहिलं नव्हतं म्हणे: बांगडे, सरंगे, सौंदाळे, वाळू चंदेरी झाली. आणि दुसऱ्या दोराच्या फासात अडकलेला सरदार. शिपायांनी त्याला उचलून नेलं. झिलूला तेव्हा सगळं कळलं. तो देवकीसमोर येऊन उभा राहिला. देवकी म्हणाली, “देवीन मासो दिल्यान मां? मगे वाटे घाल.”

झिलूने वाटे घातले. सगळे घालून झाल्यावर देवकीने एक कमी पडतो म्हणून सांगितलं. गावकऱ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. ज्याचा हात दोराला लागला त्याचा वाटा काढायचाच, हा कायदा. खाडीकडच्या पन्नास जणांचे हात दोराला लागले नव्हते, म्हणून त्यांना त्या दिवशी एक मासळीसुद्धा मिळाली नाही, आणि कोणी मागितलीही नाही. खाडीकडच्या दोराला हात लागला होता तो एकट्या सरदाराचा. झिलूने त्याचा वाटा काढला. चांगला भरगच्च, मानाचा.

मग देवकी पाण्यात गेली. गुडघाभर पाण्यात उभी राहून तिने ओंजळीने कपाळ धुतलं, दगडावर बांगड्या फोडल्या आणि वर्षभराचं रडणं रडली. तिचा आवाज नगाऱ्यापर्यंत जात होता असं सांगतात. वर्षभर तिचा नवरा पाण्यात गेलेला होता, यायचा होता. आता तो मेला. बायका तिला धरून घरी घेऊन गेल्या, आणि त्यानंतर ती पुन्हा कधी मोठ्याने बोलली नाही.

तेव्हापासून केवडबंदरात कंबरेला दोरी बांधून कोणी रापण ओढत नाही आणि तांडेल मुठी तपासल्याशिवाय हाळी देत नाही. रिकामे हात काय करू शकतात ते गावाने एकदा पाहिलंय. आपल्यातल्या कोणी पुन्हा दोर धरल्याचं नुसतं सोंग केलं तर, ही ती भीती.

आणि आजही जाळं काठाला लागलं की गावकऱ्यांचे, पाहुण्यांचे वाटे घालून झाल्यावर एक वाटा वेगळा काढतात. त्यातले मासे निवडून चांगले घेतात. पुळणीवरची कुत्री तोवर लांब बसून असतात, त्यांनाही वेळ ठाऊक असते. तांडेल हाक देतो, “सरदारानू, तुमचो वाटो!” आणि कुत्री धावत येतात. मासळी कमी येते, कधी कधी घरच्या पोरांच्या ताटाला पुरत नाही, पण दत्तारामआजोबा सांगतात की त्यांच्या हयातीत हा वाटा एकदाही चुकलेला नाही.